दहा एचपीची मोटर: नेमप्लेटवरचं तापमान वाचून घ्या, मगच पैसे द्या

परीक्षणाला घेतलेला माल रोजच्या खपातला आहे: ७.५ किलोवॅट म्हणजे १० एचपी, ४ पोल, ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झ, आयई३ (कार्यक्षमतेचा वर्ग), फूट माउंटेड म्हणजे पायांवर बसणारी, १३२ फ्रेम, पूर्ण बंद बॉडीची आणि मागे पंखा असलेली इंडक्शन मोटर. पिठाच्या गिरणीपासून कॉम्प्रेसरपर्यंत सगळीकडे हीच लागते. दुकानात विचारणा होते ती एचपी, आरपीएम, फूट की फ्लँज आणि भाव यांची. तापमानाचं कुणी विचारत नाही, आणि मोटर जळते ती बहुतेक वेळा त्याच कारणाने.

मत आधीच सांगून टाकतो. आयएस १२६१५ (कार्यक्षम मोटरींचं भारतीय मानक) चा शिक्का असलेल्या, नामांकित बनावटीच्या नव्या मोटरी उष्णतेच्या बाबतीत चांगल्या आहेत. त्यांच्या नेमप्लेटी मात्र त्या मानाने कंजूष आहेत. स्वस्तातल्या, नाव न ऐकलेल्या मोटरींवर 'क्लास एफ' एवढंच ठोकलेलं असतं आणि बाकीचे रकाने कोरे. अशा मोटरीला आम्ही पाचपैकी दोनच गुण देऊ, मग ती हातात कितीही वजनदार लागो.

क्लास एफ म्हणजे काय, ते नीट समजून घेतलं की बाकी सगळं सोपं जातं. एफ हा वाइंडिंगच्या, म्हणजे मोटरीतल्या तारेच्या वेढ्यांच्या, इन्सुलेशनचा दर्जा. इन्सुलेशनच्या सर्वांत गरम जागी १५५ अंश सेल्सिअसपर्यंत तापमान राहिलं तरी ते अपेक्षित आयुष्य पुरं करेल, एवढाच त्याचा अर्थ. क्लास बी असेल तर १३० अंश, एच असेल तर १८०. जुन्या मोटरींवर ए किंवा ई दिसतो, त्यांची मर्यादा १०५ आणि १२०. मोटर किती तापणार हे यातून कळत नाही. दुकानदार 'एफ क्लास आहे साहेब, गरम होणार नाही' म्हणतो तेव्हा तो दोन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत घालत असतो. एफ क्लासची मोटर बी क्लासच्या मोटरीपेक्षा जास्त गरमही चालू शकते, आणि तशी चालली तरी ती नियमात बसते.

मोटर किती तापणार हे ठरतं टेंपरेचर राइजवरून, म्हणजे आसपासच्या हवेपेक्षा वाइंडिंग सरासरी किती अंशांनी वर जातं त्यावरून. एफ क्लासला ही वाढ १०५ केल्विनपर्यंत (इथे केल्विन म्हणजे फरकाचे अंश) चालते, बी ला ८०, एच ला १२५. हे आकडे वाइंडिंगच्या रेझिस्टन्सवरून काढलेल्या वाढीचे आहेत आणि त्यात हवा ४० अंश धरलेली आहे. बेरीज करून बघा: ४० अधिक १०५ म्हणजे १४५. उरलेले १० अंश कशासाठी? रेझिस्टन्सवरून निघतं ते सरासरी तापमान. स्लॉटच्या (तार बसते त्या खाचेच्या) पोटात किंवा ओव्हरहँगच्या (खाचेबाहेर आलेल्या तारेच्या) आतल्या वेढ्यात त्याहून गरम जागा असतेच, तिच्यासाठी हे १० अंश राखलेले असतात. बी ची बेरीज ४०, ८० आणि १० अशी १३० येते. एच ला राखीव १५ अंश.

आता चांगली नेमप्लेट ओळखायची कशी? तिच्यावर 'इन्सुलेशन क्लास एफ, टेंप राइज क्लास बी' असं जोडीने लिहिलेलं असतं, किंवा थेट '७० केल्विन' असा आकडा असतो. म्हणजे इन्सुलेशन १५५ अंशांचं, पण मोटर तापणार बी च्या मर्यादेत. मधे २५ अंशांची मोकळीक राहते. इन्सुलेशनचं तापमान दर १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं, हा वाइंडिंगच्या धंद्यातला जुना ठोकताळा. त्या हिशोबाने २५ अंश कमी म्हणजे कागदावर साडेपाचपटीहून जास्त आयुष्य. प्रत्यक्षात इतकं मिळत नाही, कारण तोवर बेअरिंग, धूळ, ओल किंवा एखादी फेज जाणं यांपैकी काहीतरी आडवं येतं. तरीही ती मोकळीक पैसे देऊन घेण्यासारखी आहे: मे महिन्यात आणि लो व्होल्टेजला तीच मोटर वाचवते.

अँबियंटचा, म्हणजे आसपासच्या हवेच्या तापमानाचा, रकाना सगळ्यांत दुर्लक्षित. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ४० अंशांसाठी बनवलेल्या मोटरीवर अँबियंट लिहिलंच पाहिजे असं नाही. वेगळं असेल तरच लिहायचं बंधन. म्हणून रकाना कोरा दिसला तर ४० समजा. आपल्याकडच्या बऱ्याच बनावटी ५० अंशांसाठी मोटर देतात आणि तसं प्लेटवर छापतात, ही आपल्या बाजाराची जमेची बाजू. अकोला, जळगाव, चंद्रपूरकडे उन्हाळ्यात बाहेरची हवाच ४५ च्या आसपास किंवा वर जाते. पत्र्याच्या शेडखाली डाळ मिलमध्ये किंवा जिनिंगमध्ये मोटर ज्या उंचीवर बसवलेली असते तिथली हवा त्याहूनही गरम. ५० अंशांच्या मोटरीला वाढीची मर्यादा १० ने कमी धरतात: बी साठी ७०, एफ साठी ९५. त्यामुळे '५० अँबियंट, ७० राइज' आणि '४० अँबियंट, ८० राइज' या दोन्ही प्लेटी शेवटी त्याच १३० वर येतात. फरक इतकाच की पहिली मोटर स्वतः कमी तापते.

४० लिहिलेली मोटर ५० अंशांच्या जागी लावायची वेळ आली तर? राइज बी असेल तर काळजीचं कारण नाही: ५० अधिक ८० अधिक १० म्हणजे १४०, अजून १५ शिल्लक. प्लेटवर राइजच नसेल तर तो एफ पर्यंतचा धरायचा, आणि मग ५०, १०५ आणि १० मिळून १६५ होतात. अशा मोटरीवर पूर्ण भार टाकू नका. साधारण ५ ते १० टक्के कमी चालवा, नेमका आकडा त्या बनावटीच्या कॅटलॉगच्या डीरेटिंग (भार किती उतरवायचा त्या) तक्त्यातून घ्या. उंचीचाही नियम आहे, पण तो समुद्रसपाटीपासून १००० मीटरच्या वर लागू होतो. पुणे, नाशिक, कोल्हापूर सगळी त्याच्या आत. महाबळेश्वर वर आहे खरं, पण तिथली थंड हवाच विरळपणाची भरपाई करून टाकते.

आयई३ चा उष्णतेशी थेट संबंध आहे, आणि विक्रेते तो क्वचितच सांगतात. त्यांचं सगळं बोलणं वीजबिलावर. या मापाला आयई२ ची किमान कार्यक्षमता ८८.७ टक्के, आयई३ ची ९०.४. पूर्ण भाराला आयई२ मोटर सुमारे ९५५ वॅट उष्णता बाहेर टाकते, आयई३ सुमारे ७९५. बॉडी जवळजवळ तेवढीच आणि आत १६० वॅट कमी. म्हणून अनेक आयई३ मोटरी बी राइजमध्ये आरामात बसतात. काही बनावटी मात्र या बचतीच्या जोरावर मागचा पंखा लहान करतात. त्याने आवाज आणि पंख्यात जाणारी वीज दोन्ही कमी होतात, पण फिन (बॉडीवरच्या थंड करणाऱ्या पट्ट्या) धुळीने भरल्या तर अशी मोटर लवकर घायकुतीला येते. इचलकरंजीच्या लूम शेडमध्ये किंवा साखर कारखान्याच्या बगॅस कन्व्हेयरवर लावायची असेल तर फिनमधली फट रुंद असलेली बॉडी निवडा आणि पंख्याच्या कव्हरची जाळी हाताने झाडता येते का ते बघून घ्या.

ड्यूटीच्या रकान्यात 'एस१' हवं. म्हणजे मोटर अखंड पूर्ण भाराला चालवता येते आणि प्लेटवरची राइज त्यालाच लागू आहे. 'एस३ ४० टक्के' असेल तर दर दहा मिनिटांत चारच मिनिटं चालवायची. होइस्टची (माल उचलायच्या यंत्राची) जुनी मोटर स्वस्तात मिळाली म्हणून पंपाला लावणारे इथेच फसतात: एचपी तेवढेच, क्लास एफच, आणि मोटर महिन्याभरात काळी.

मोटर खरंच किती तापते हे हात लावून कळत नाही. ६० अंशांच्या बॉडीवर हात ठेवणं अशक्य होतं, आणि पूर्ण भाराला निरोगी मोटरीची बॉडी ७० ते ८० पर्यंत जाणं अगदी नेहमीचं आहे. इन्फ्रारेड थर्मामीटर वापरा, पण रंगवलेल्या भागावर धरा. चकचकीत अॅल्युमिनियमच्या नेमप्लेटवर धरलं तर आकडा बराच कमी दिसतो. जागा आयबोल्टजवळची, दोन फिनच्या मधली. वाइंडिंग त्याहून आणखी १५ ते ३० अंश वर असतं. हा अंदाज, बनावट आणि भार बदलला की तोही बदलतो.

पक्का आकडा हवा असेल तर रेझिस्टन्सची पद्धत. मल्टिमीटरने हे होत नाही, कारण या मोटरीचा दोन टर्मिनलमधला रेझिस्टन्स एक ओहमच्याही खाली असतो आणि मल्टिमीटरच्या तारांचाच रेझिस्टन्स त्यात मिसळतो. चार तारांचा मिली-ओहम मीटर लागतो. वाइंडिंगच्या चांगल्या दुकानात तो असतो. मोटर रात्रभर बंद ठेवून सकाळी थंड रीडिंग घ्या आणि तेव्हाचं तापमान लिहून ठेवा. मग प्लेटवरच्या करंटइतक्या भाराला चालवा, बॉडीचं तापमान अर्ध्या तासात एका अंशाहून जास्त बदलेनासं होईपर्यंत. या मापाला तीन-चार तास धरा. नंतर बंद करा, आयसोलेटरला (वीज तोडायच्या स्विचला) कुलूप लावा, टर्मिनलवर व्होल्टेज नाही याची खात्री करा आणि त्याच दोन टर्मिनलवर गरम रीडिंग घ्या. ५० किलोवॅटपर्यंतच्या मोटरीला मानकात यासाठी ३० सेकंद दिलेले आहेत. तेवढ्यात हातघाई करण्यापेक्षा दर २०-३० सेकंदांनी पाच-सहा रीडिंग घ्यावीत आणि आलेखाची रेघ मागे ओढून शून्य सेकंदाची किंमत काढावी.

गणित असं. थंड ०.७६७ ओहम, तेव्हा ३२ अंश. गरम ०.९५८ ओहम, शेवटी आसपासची हवा ३८ अंश. फरक ०.१९१, त्याला ०.७६७ ने भागलं की ०.२४९. तांब्यासाठी २३५ हा आकडा घ्यायचा, त्यात थंड तापमान ३२ मिळवून २६७. गुणाकार ६६.५. त्यात ३२ मिळवले की वाइंडिंगचं सरासरी तापमान ९८.५. त्यातून हवेचे ३८ वजा केले की राइज ६०.५ केल्विन. प्लेटवर ७० असेल तर मोटर पास. वाइंडिंग अॅल्युमिनियमचं असेल तर २३५ च्या जागी २२५ घ्या. स्वस्तातल्या मोटरीत अॅल्युमिनियम निघणं आता नवलाचं राहिलेलं नाही, तेव्हा टर्मिनल बॉक्स उघडून लीडच्या जोडाकडे एकदा बघून घ्याच.

राइज ९० आली म्हणून लगेच मोटरीला दोष देऊ नका. आधी व्होल्टेज मोजा, तेही मोटरीच्या टर्मिनलवर, भार असताना. तीन फेजांत ४१०, ४०० आणि ३९० आले तर सरासरी ४००, सर्वांत मोठा फरक १०, म्हणजे अडीच टक्के असंतुलन. ऐकायला किरकोळ वाटतं. पण तापमानवाढीतली भर असंतुलनाच्या वर्गाच्या दुपटीने जाते, असा ढोबळ नियम आहे: अडीचचा वर्ग सव्वासहा, दुप्पट साडेबारा टक्के. ७० ची राइज जवळजवळ ७९ झाली. ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा) सरासरी करंटवर लावून ठेवलेला असेल तर त्याला यातलं काही कळत नाही आणि एकच फेज भाजत राहते. नंतर मागचा पंखा आणि जाळी बघा. पंख्याचं कव्हर आणि भिंत यांच्यात कव्हरच्या व्यासाच्या पाव भागाइतकी तरी जागा मोकळी हवी. या मापाला हे सात-आठ सेंटीमीटर होतात, आणि गिरणीत नेमकी तिथेच पोती रचलेली सापडतात.

व्हीएफडीवर (वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवर) चालवणार असाल तर प्लेटवरचे सगळे आकडे पूर्ण वेगाचे आहेत हे लक्षात घ्या. २० हर्ट्झला शाफ्टवरचा पंखाही ४० टक्के वेगानेच फिरतो. पंप किंवा ब्लोअर असेल तर वेगाबरोबर भारही झपाट्याने उतरतो, म्हणून निभावतं. कन्व्हेयर, एक्स्ट्रूडर, मिक्सर यांचा टॉर्क मात्र तेवढाच राहतो, करंट तेवढाच आणि हवा निम्म्याहून कमी. तिथे स्वतंत्र पंख्याची मोटर घ्या. प्लेटवर थंड करण्याच्या पद्धतीचा कोड 'आयसी ४११' च्या जागी 'आयसी ४१६' असतो. सोबत वाइंडिंगमध्ये पीटीसी थर्मिस्टर (ठराविक तापमानाला रेझिस्टन्स एकदम वाढणारा सेन्सर) मागवा, तीन फेजांना तीन, सिरीजमध्ये. एफ क्लासला सहसा १५० अंशांचे घालतात, त्यांच्या तारा काळ्या-काळ्या. १३० चे निळे-निळे. थंड असताना तिन्ही मिळून ७५० ओहमच्या आत दाखवायला हवेत. मोजताना अडीच व्होल्टच्या वर जाऊ नका आणि मेगर (इन्सुलेशन तपासायचा जास्त व्होल्टेजचा मीटर) तर चुकूनही लावू नका, थर्मिस्टर तिथल्या तिथे जातो. थर्मिस्टरला त्याचा रिले लागतो. रिले न घेता थर्मिस्टरच्या तारा टर्मिनल बॉक्समध्ये टेप मारून सोडून दिलेल्या मोटरी इतक्या दिसतात की पैसे कशाला दिले असा प्रश्न पडतो.

बाहेरून आलेल्या जुन्या मशिनरीबरोबर अमेरिकन मोटर येते, तिची प्लेट वेगळी भाषा बोलते. '४० सी अँब, क्लास एफ, एसएफ १.१५, ४६० व्होल्ट, ६० हर्ट्झ'. सर्व्हिस फॅक्टर १.१५ म्हणजे १५ टक्के जास्त भार फुकट, असा समज आहे. त्या भाराला अमेरिकन मानक ११५ केल्विनपर्यंत राइज मान्य करतं, म्हणजे ती १५ टक्के ताकद आयुष्यातून वळती होते. शिवाय आपल्या ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झवर तिच्या लोखंडात चुंबकीय फ्लक्स सुमारे ८ टक्के जास्त होतो. ५० हर्ट्झला तिला साधारण ३८० व्होल्टच हवेत. ४१५ ला ती रिकामी चालतानाही गरम लागते. त्याहून जुन्या प्लेटवर नुसतं '४० अंश' असेल तर थांबा: तो अँबियंट नसून राइजही असू शकतो, आणि तोही थर्मामीटर टेकवून मोजलेला. शेजारी 'राइज' शब्द आहे का ते शोधा.

फ्लेमप्रूफ म्हणजे स्फोटक वायूच्या जागेसाठीच्या मोटरीच्या प्लेटवर 'टी४' सारखा वर्ग असतो. त्याचा एफ शी काही संबंध नाही. टी४ म्हणजे आसपासच्या वायूला भिडू शकणारा कोणताही पृष्ठभाग १३५ अंशांच्या वर जाणार नाही. टी३ ला हीच मर्यादा २००, टी६ ला ८५. इथे अँबियंटला फार महत्त्व, कारण वेगळं काही लिहिलेलं नसेल तर प्रमाणपत्र उणे २० ते ४० अंशांपुरतंच असतं. विदर्भातल्या डिस्टिलरीला मोटर मागवताना प्रमाणपत्रावर ५० हा आकडा स्वतः वाचा. विक्रेत्याचं तोंडी आश्वासन तपासणीत चालत नाही.

राहता राहिलं रिवाइंडिंग, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार भरणं, आणि प्लेटवरचा एफ सगळ्यांत जास्त खोटा ठरतो तो इथेच. एफ हा एकट्या तारेचा दर्जा नाही. तार, स्लॉट पेपर, फेजमधला पेपर, स्लीव्ह, बांधायची टेप, लीड वायर आणि वार्निश यांतलं जे सर्वांत कच्चं असेल त्यावर पूर्ण वाइंडिंगचा दर्जा ठरतो. १८० अंशांची उत्तम तार भरली आणि खाली लेदरॉइड (कमी तापमानाचा साधा कागद) घातला, तर एफ संपला. स्लीव्ह पीव्हीसीची घातली तर विषयच मिटला. वार्निश ब्रशने फासून उन्हात वाळवणाऱ्या दुकानाला मोटर देऊ नका. स्टेटर (मोटरीचा न फिरणारा, वाइंडिंगचा भाग) आधी गरम करून वार्निशमध्ये पूर्ण बुडवला पाहिजे, बुडबुडे थांबेपर्यंत ठेवला पाहिजे, आणि नंतर ओव्हनमध्ये वार्निशच्या डब्यावर दिलेल्या तापमानाला तास मोजून भाजला पाहिजे. जुनं वाइंडिंग काढताना टॉर्च लावून जाळलं तर स्टँपिंगमधला (लोखंडी पत्र्यांच्या थप्पीमधला) इन्सुलेशनचा थर जातो, लोखंडातला लॉस वाढतो, आणि तीच मोटर तेवढ्याच भाराला आधीपेक्षा जास्त तापते. रिकाम्या मोटरीचा करंट आणि वॅट रिवाइंडिंगच्या आधी व नंतर, एकाच व्होल्टेजला, लिहून मागा. वॅट ठळक वाढले असतील तर स्टँपिंग भाजलं आहे किंवा वेढे चुकले आहेत.

एवढं सगळं होऊन बॉडीवर कंपनीची जुनी नेमप्लेट तशीच राहते, क्लास एफ, राइज बी. शेजारी एक छोटी पट्टी ठोकून घ्या: तारीख, तारेचा गेज, वेढे, स्लॉट पेपरचा प्रकार, वार्निशचा दर्जा. पट्टीवर एफ लिहायला वाइंडर कां-कू करत असेल तर बिलात एफ चे पैसे लावू देऊ नका.